धाग्याची जागा

नवरा गेला तवा मी रडली नाई, हे आमच्या रोहिणखेडात सगळ्यायले माहीत हाय. मंजुळाबाई तर रोज येऊन बसे, मी कवा रडते ते पाहाले. मांडीले मांडी लावून बसे, माह्या तोंडाकडे पाहे, अन् मंग स्वतःच डोळ्याले पदर लावे. "रड बाई, मोकळी होशीन," म्हणे. मी म्हटलं, मंजुळाबाई, तुमी रडूनच राह्यल्या तर माह्या वाटचं बी रडून घ्या. तिले राग आला. येऊ दे. मले खोटं रडता येत नाई अन् खरं येत नव्हतं. रिकाम्या कणगीत हात घातल्यावर जसं काई लागत नाई, तसं होतं.

धम्मरत्न जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. जानेवारीत सकाळच्या परिपाठाले पोरायसमोर उभा राह्यला, अन् मैदानातच खाली बसला, अन् उठलाच नाई. मोताळ्याच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं नुसती मान हलवली. मी गावच्या पोस्टात हाय, शाखेची डाकपाल. तेराव्या-चौदाव्याचं आमच्यात काई नसते, पुण्यानुमोदन झालं अन् मी पोस्ट उघडून बसली. शिक्के मारले. लोकं म्हणे, काय काळजाची बाई हाय. काळीज गिळीज काई नाई बापा, शिक्के मारायचे होते.

घरात मांगं राह्यलो दोघी. मी अन् त्याची माय चांगुणा, तिले मी आत्या म्हणते. लेकरू आमाले झालं नाई. तिसरी म्हणजे धम्माची पांढरी गाडी, जुनीच घेतलेली. आत्याच्या किडन्या गेल्या हायेत. सोमवारी अन् गुरुवारी तिले बुलडाण्याले डायलिसिसले न्याच लागते. अगोदर धम्मा शाळा करून नेत होता, आता मी नेत होती. लायसन माह्याजवळ लग्नाच्या अगोदरचं होतं, हात थोडा कच्चा होता, पण राजूरचा घाट मी चढवत होती. आत्या बाजूले बसे. जाताना दोघी बोलत नव्हतो, येताना ती झोपत होती. तेवढंच आमचं घर होतं म्हणा ना.

आत्याच्या डाव्या हातात डायलिसिसची नस बनवलेली हाय. तिच्यावर बोट ठेवलं तर आत गुरगुर लागते, मांजराच्या पोटावानी. ती गुरगुर चालू पाहिजे, बंद पडली की घोटाळा. म्हणून सकाळी उठलं की मी पयले तिच्या हातावर बोट ठेवते. त्या तीन-चार महिन्यात माह्या बोटाले जे काई लागलं ते तेवढंच.

मे महिन्यात गाडीची बॅटरी बसली. नवी टाकली तर दुसराच ताल. समोर पिवळा दिवा लागला, स्टेअरिंगचा, अन् स्टेअरिंग असं जड झालं की जसं दळणाचं जातं. मोताळ्याच्या रस्त्यावर हर्षलचं गॅरेज हाय, तिथं कशीबशी नेली. हर्षल चांगला पोरगा, लगन झालेला, बोलणं नरम. त्यानं मशीन लावली अन् म्हणे, "ताई, हे इलेक्ट्रिक स्टेअरिंग हाय. बॅटरी काढली की ते आपलं मधलं ठिकाण विसरते. सरळ म्हणजे कोणतं, हे त्याले पुन्हा शिकवा लागते."

मी म्हटलं, "शिकव मंग. मास्तरची गाडी हाय, शिकन."

तो हसला नाई, त्याले वाईट वाटलं असन. माह्या तोंडाले लगाम नाई हे मले मान्य हाय.

स्टेअरिंगवर एक पांढरा धागा बांधलेला होता. परित्राणपाठाचा. बुद्धपौर्णिमेले भंतेजी विहारात पाठ करतात, तवा सगळ्यायच्या हातातून सूत फिरवतात अन् मंग तेच सूत मनगटाले बांधतात. आत्यानं त्यातलं गाडीले बी बांधलं होतं, दोन वर्सापासून होतं ते, मळून राखाडी झालेलं. हर्षल म्हणे, "ताई, मशीन चालू असताना स्टेअरिंगवर काईच नको. कव्हर नको, धागा नको, हात बी नको. कागदावर तसं लिवलेलं हाय." पण त्यानं कापला नाई. नखानं गाठी सोडवल्या, धागा कपाळाले लावला, अन् डॅशबोर्डाच्या समोरच्या खोक्यात ठेवला. त्याच्या धर्माचा नाई, तरी. मंग कंपनीचं चिन्ह स्टेअरिंगच्या मधी असते ना, ते एकदम सरळ उभं केलं, मले म्हणे हात सोडा. मशीन वाजली, दिवा गेला, स्टेअरिंग फुलावानी हलकं झालं.

"झालं," म्हणे.

मले बी वाटलं झालं.

गुरुवारी आमच्यासंगं किसनकाका निघाले. किसनराव म्हणजे माह्या सासऱ्यायचे भाऊ, सासरे तर कवाचेच गेले, त्यामुळं आमच्या घरचं सगळं आपल्यालेच ठरवा लागते असं काकाले वाटते. त्यायले बुलडाण्याले काम होतं. मांगं बसले अन् रोहिणखेडापासून तोंड चालू. इकडे ब्रेक मार, तिकडे हॉर्न मार. मी कान बंद करून चालवत होती. पण गाडी आज वेगळी होती. हात जरा सैल केला की उजवीकडे सरके. कोणी तरी हळूच दुसऱ्या बाजूनं ओढून राह्यलं असं वाटे. मी डावीकडे धरून ठेवे, हात भरून आले, सैल केला की पुन्हा उजवीकडे.

घाटात वळणावर समोरून एसटी आली. मी वळण घेतलं, सरळ करायले हात सैल सोडला, तर गाडी गेली ना एसटीच्या अंगावर! ड्रायव्हरनं असा हॉर्न मारला की घाट दणाणला. मी ओढली डावीकडे, कठड्याजवळ जाऊन थांबली. एसटीवाला खिडकीतून शिव्या देत गेला. काकाच्या तोंडातून "बापा बापा बापा" एवढंच निघे. आत्या नुसती खिडकीची कडी धरून होती.

अन् मले? मले काईच झालं नाई. हात कापले नाई, छातीत धडधड नाई. मी गाडी गिअरमधी टाकली अन् चालवली. हे जेव्हा माह्या ध्यानात आलं, तवा मले पयल्यांदा भेव वाटलं, ते बी एसटीचं नाई, माहं.

संध्याकाळी काकानं ओसरीत बसूनच फोन लावला, माह्या नणंदीले, सुचिताले. ती संभाजीनगरले राहते. काकाचा आवाज म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा, फोन नसता लावला तरी तिले ऐकू गेलं असतं. "तुह्या मायले मारते ही एखाद्या दिवशी. हिचं चित्त ठिकाणावर नाई. घेऊन जाय तिले." सुचिता वाईट नाई. मंग तिनं मले फोन केला, म्हणे, "वैनी, तू बी थकली. आईले मी नेते. इथं दवाखाना घराजवळ हाय. रविवारी येते." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणू? आत्याले विचारलं तर ती म्हणे, "तुह्यावर बोजा कायले, जाते मी." मी म्हटलं, बरं.

शुक्रवारी गाडी पुन्हा हर्षलकडे नेली. कायले नेली कोण जाणे. त्यानं मशीन लावली, पडदा मले दाखवला. "पाय ताई, चिन्ह सरळ हाय अन् आकडा झिरो हाय. सेन्सर बरोबर, मोटर बरोबर. मशीनमधी काईच दोष नाई." मंग म्हणे, "तुमी दमल्या असान. हात जात असन एका बाजूले. होते असं." त्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता, रस्त्यावर गाड्यायची ही गर्दी, म्हणून चालवून पाहाले त्याले जमलं नाई. मले बी त्याच्यावर भरवसा होता. मशीन झिरो दाखवते म्हणजे दोष कोणाचा? काका म्हणतात चित्त ठिकाणावर नाई, मंजुळाबाई म्हणते काळीज नाई, अन् हा बिचारा म्हणते हात जाते. सगळे एकच बोलून राह्यले, तर खरंच असन. मी मान्य करून टाकलं.

रविवारी सकाळी आत्याची पिशवी भरली. दोन लुगडी, गोळ्या, तिची तंबाखूची डबी. ती डबी मी लपवली होती, मीच काढून दिली. आत्याची दवाखान्याची फाईल गाडीत राह्यली होती, ती घ्याले आमी दोघी गाडीत जाऊन बसलो. मी स्टेअरिंगमांगं, ती बाजूले, सवयीनंच. जायचं तर कुठीच नव्हतं. आत्यानं खोकं उघडलं, फाईल काढली, अन् फाईलखालचा धागा तिच्या हातात आला.

"हा काऊन काढला वं?"

"हर्षलनं काढला. मशीन लावताना चालत नाई म्हणे."

"मंग पुन्हा बांधला काऊन नाई?"

"राह्यलं. आता काय, आत्या."

ती धागा बोटाले गुंडाळत बसली. मंग म्हणे, "धम्मा गंड्यादोऱ्याच्या लय विरुद्ध. मी धागा आणला तर म्हणे, आई, आपल्यात हे चालत नाई. मी म्हटलं, अरे, हा गंडा नोय, परित्राणाचा धागा हाय. तर म्हणे, बरं, बांध, पण मी दाखवतो त्याच जागी बांध. शाळंच्या मैदानात गाडी सरळ चालवली त्यानं, अन् थांबून म्हणे, आता हा वरचा मधला भाग हाय ना, इथं. धागा समोर आला का गाडी सरळ. बाकी कशाकडे पाहू नको म्हणे."

मी तिच्याकडे पाहातच राह्यली. "बाकी कशाकडे म्हणजे?"

"त्या खड्ड्यात गेली व्हती ना गाडी, मलकापूरच्या रस्त्यावर, तवा खालचं काही तरी बदललं. तवापासून चाक सरळ असलं का स्टेअरिंग डावीकडे वाकडं राहे. तो म्हणे, चालते, धागा हाय ना."

"अन् मले नाई सांगितलं?"

आत्या हसली. पोरगा गेल्यापासून मी तिले हसताना पाह्यलं नव्हतं. "म्हणे, समताले सांगू नको, ती मले आत्ताच्या आत्ता गॅरेजले धाडीन."

खरंच धाडलं असतं. कान धरून धाडलं असतं. दोन वर्सं हा माणूस माह्या भेवानं वाकडं स्टेअरिंग घेऊन फिरला, अन् मी त्या धाग्याकडे पाहून गाडी चालवली, मले तरी कुठी माहीत होतं मी धाग्याकडे पाहून राह्यली म्हणून! डोळ्याले माहीत होतं, मले नाई.

मी स्टेअरिंगवर वाकली. हातानं घासून घासून ते काळं चकचकीत झालेलं, पण वरच्या मध्यापासून जरा उजवीकडे एक बोटभर पट्टा कोरा होता, खरबरीत, नवा. धाग्याची जागा. मी गाडी चालू केली, तो पट्टा बरोबर वर आणला अन् उतरून पुढची चाकं पाह्यली. सरळ. मंग कंपनीचं चिन्ह सरळ केलं अन् पुन्हा उतरून पाह्यलं. दोन्ही चाकं उजवीकडे पाहात होती.

"हात नाई वं जात माहा!" मी वरडलीच. "हात नाई जात, आत्या! चाकंच वाकडी शिकवली हर्षलनं!"

हर्षलले फोन लावला अन् रविवार असला तरी बोलावला. पयले म्हणे, ताई, मशीन झिरो दाखवते. मी म्हटलं, तुही मशीन चुलीत घाल, तू डोळे घेऊन ये. आला बिचारा. चाकं पाह्यली, पट्टा पाह्यला, अन् त्याचं तोंड उतरलं. "चिन्ह सरळ पाहून मी चाकं सरळ समजलो," म्हणे. "वाकड्यालेच मशीननं झिरो मानलं, मंग मोटर स्टेअरिंग तिकडेच ओढणार. मी धागा सोडायले नव्हता पाहिजे." मी म्हटलं, सोडला ते बरोबर, पण अगोदर विचारायचं ना. असो.

मंग म्हणे, सपाट जागा पाहिजे. गावात सपाट जागा एकच, शाळेचं मैदान.

धम्मा गेल्यापासून मी तिकडे गेली नव्हती. पोस्टात जायले लांबच्या रस्त्यानं जात होती. आता गाडी फाटकातून आत घेतली अन् नेमकं झेंड्याच्या खांबासमोर उभी केली, जिथं तो परिपाठाले उभा राहे. मले वाटलं, आता काही तरी होईन. काही झालं नाई. ऊन होतं, धूळ होती, नळाची तोटी गळत होती.

हर्षलनं पट्टा वर धरून गाडी उभी केली. सुतळी घेऊन मांगच्या अन् पुढच्या चाकाची ओळ जमवली. मंग स्टेअरिंगच पूर्ण काढलं अन् चिन्ह सरळ येईन असं परत बसवलं, म्हणे, आता वाकडेपणच ठेवायचं नाई. मशीन लावली. "डावीकडे पूर्ण फिरवा. आता उजवीकडे पूर्ण. आता मधी. आता हात सोडा, ताई." मी सोडले. आत्या मांगच्या सीटवर. "हललं, ताई. पुन्हा. अंगठा लागला." मले तर माहीत बी नव्हतं माहा अंगठा तिथं हाय. मंग आत्या मांगून वाकली अन् माहे दोन्ही हात धरून तिनं आपल्या हातात घेतले. तिच्या नसेची गुरगुर माह्या मनगटाले लागे. समोर स्टेअरिंग आपोआप थोडं हललं, अन् थांबलं. मशीन वाजली.

या वख्ताले हर्षलनं मले बाजूले बसवून पार मोताळ्याच्या फाट्यापावतर गाडी नेली, आत्याले झेंड्याच्या ओट्यावर बसवून. भर रस्त्यावर त्यानं हात सोडले, गाडी रेघेवानी सरळ गेली. परत आलो तर मैदानाच्या फाटकात सुचिता उभी, तिची गाडी बी, अन् किसनकाका अर्थातच. काकानं विचारलं, झाली काय दुरुस्त. हर्षल म्हणे, "काका, चूक माही होती, ताईची नाई. पायजेन तर तुमी चालवा." काका चालवून आले. उतरले अन् म्हणे, "सरळ चालते बा." तेवढंच. माफी मागायची सवय काकाले नाई, अन् मले बी ती ऐकायची नाई.

सुचिता म्हणे, "आई, पिशवी कुठी हाय?"

आत्या म्हणे, "घरी हाय. तिथंच राहू दे. उद्या सोमवार हाय, समता नेते मले."

सुचितानं माह्याकडे पाह्यलं, मी तिच्याकडे. ती म्हणे, "वैनी, तुले जमन?" मी म्हटलं, "जमन." पयल्यांदा ते बोलताना ते खरं होतं.

सगळे घराकडे चहाले गेले. हर्षल मशीन गुंडाळून गेला. आमी दोघी गाडीत. आत्यानं खोक्यातून धागा काढला, लाळ लावून पीळ दिला, अन् हात स्टेअरिंगजवळ नेऊन थांबली.

"कुठी बांधू? सांग."

मी पाह्यलं. तो कोरा पट्टा आता वर नव्हता, जरा उजवीकडे होता, गाडी सरळ असून. ती धम्माची जागा. बांधता आला असता तिथं, आत्या काई बोलली नसती, तिचं मन बी कदाचित तिथंच होतं. पण तिथं बांधला असता तर माहा डोळा पुन्हा त्याच्याच मांगं गेला असता, अन् घाटात गाडी या वख्ताले डावीकडे, कठड्यावर. तो असता तर त्यानं सांगितलं असतं. आता ती मले विचारून राह्यली होती.

"इथं, आत्या," मी म्हटलं, अन् वर मधी, चिन्हाच्या नाकासमोर बोट ठेवलं. "इथं बांध. हे सरळ हाय."

अन् मंग रडली मी. अशी रडली की पोट दुखलं, नाक गळलं, स्टेअरिंगवर डोकं ठेवून वरडून वरडून रडली, मास्तर, मास्तर करत. मंजुळाबाई नेमकी त्या दिवशी उंद्रीले भाचीच्या लग्नाले गेली होती.

आत्यानं मले रडू दिलं. माह्या डोक्याखालून हात घालून तिनं धाग्याच्या तीन गाठी मारल्या, उरलेलं सूत दातानं तोडलं, अन् म्हणे, "उद्या जरा लवकर निघू, दवाखान्यातली मशीन रिकामी भेटन."